दाखवायची मेंढरं

जर्मनीच्या विद्यापीठात फी नसते, ही बातमी धुळाजीला गुडघाभर गाळात उभा असताना कळली. माजलगावच्या धरणाचं पोट त्या उन्हाळ्यात उघडं पडलं होतं. भेगाळलेली जमीन संपली की मऊ गाळ, आणि गाळाच्या पलीकडे हिरवट पाण्याचा एक पट्टा. एकशेचाळीस मेंढरं तिथवर पोचायची आणि परत यायची, तोवर दोन-चार रुतायचीच. धुळाजी एक कोकरू कानाला धरून उपसत होता. फोन सारजाबाईच्या पिशवीत वाजला. तिनं काठावरूनच तो ऐकला आणि ओरडून नवऱ्याला सांगितलं, "जानकीचा नंबर लागलाय म्हणं. जर्मनीला. फी न्हाई."

"फी किती न्हाई?"

"कायच न्हाई. फुकट."

धुळाजी कोकरू छातीशी धरून तसाच काठावर आला. त्याच्या अंगरख्यावरून चिखल गळत होता. "फुकट कावून?" त्यानं विचारलं. लेक परभणीला शेतकीचं शिकली, मातीचं शिकली, आता त्याच्याही पुढचं शिकायला बोलावणं आलं होतं, एवढंच सारजाबाईला उमगलं होतं. सात वर्षांची असताना तिला आश्रमशाळेत ठेवून दोघं कळप घेऊन पुढे गेले होते. तेव्हा पोरगी रडली नव्हती, धुळाजी मात्र दोन कोस रडत चालला होता. ती गोष्ट तो कुणाला सांगत नसे आणि सारजाबाई सगळ्यांना सांगे.

त्या दिवशी मात्र गडी हवेतच होता. एक बोकड विकून त्यानं चौसाळ्यातून पेढे आणले आणि गावी जाऊन वाटले. बालाघाटाच्या कडेला वसलेलं धनगरांचं वीस-बावीस उंबऱ्यांचं गाव ते. मागच्या वर्षी पाऊस नव्हता, यंदा आभाळाकडे बघायलाही कुणाला धीर नव्हता. अशा दिवसांत पेढा बघूनच लोक चकित झाले. "पोरगी इमानानं जाणार, सायबाच्या देशात शिकणार, आन् रुपाया लागत न्हाई," असं तो दारोदार सांगत सुटला. आयुष्यभर गवताच्या काडीचेही पैसे मोजलेल्या माणसाला फुकट या शब्दाची नशाच चढली होती.

जानकी आठ दिवसांनी आली. सोबत कागदांची पिशवी होती. चुलीपाशी बसून तिनं बापाला समजावून सांगितलं, शाळेत बाई सांगतात तसं, एकेक करून.

"फी न्हाई आबा, ते खरं हाय. पण राह्यचं-खायचं आपल्याला. तर तिथलं सरकार म्हणतंय, एका वर्साचं खाणं-राहणं आदीच खात्यात भरा. मंग व्हिसा."

"किती?"

"पावणेसहा लाख."

सारजाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. परातीतली भाकरी वाळून कडेला चिरली.

"कुणाला द्यायचे?" धुळाजीनं विचारलं.

"कुणाला न्हाई. खातं माज्याच नावाचं. पण बंद. लगेच काढता येत न्हाईत. आपल्याजवळ एवढे हायत, याची खातरी पायजे त्यांना."

धुळाजीच्या कपाळावरची आठी उलगडली. "आसं व्हय. मंजी मोजणीवानी."

जानकी दोन दिवसांच्या प्रवासानं दमली होती. मुंबईची वकिलात, इंग्रजीची परीक्षा, विम्याचा कागद, खोलीचं आगाऊ भाडं, हे सगळं तिच्या डोक्यात घोंगावत होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "तसंच समजा."

या दोन शब्दांनी घर बुडालं, असं सारजाबाई पुढे म्हणायची. ते काही सगळं खरं नव्हतं. पण मोजणी म्हणजे काय, ते गावाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. गावात मेंढपाळांची सहकारी सोसायटी होती. चेरमन रामकिसन. सरकारची योजना आली की ज्याच्या नावावर शंभर मेंढरं त्यालाच लाभ मिळे, आणि शंभर मेंढरं गावात दोघा-तिघांकडेच होती. म्हणून साहेब मोजायला आला की सगळे आपापली मेंढरं एकाच्या जाळीत, म्हणजे जाळ्यानं वेढलेल्या वाड्यात, नेऊन घालत. साहेब मोजून चहाला बसला की तीच मेंढरं ओढ्यातून पुढे दुसऱ्याच्या जाळीत जात. प्रत्येक कळपाची खूण वेगळी, धुळाजीची पाठीवर गेरूचे दोन आडवे पट्टे. ती खूण धुवायची, दुसरी लावायची. संध्याकाळी ज्याची त्याला परत. यात कधी एक कोकरूही इकडचं तिकडे झालं नव्हतं आणि यात काही पाप आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. साहेबालाही वाटत नसावं, कारण एकच लंगडी मेंढी त्यानं तीन जाळ्यांत मोजली होती.

धुळाजीनं आपली चाळीस मेंढरं विकली. बाजार पडलेला, चांगल्या मेंढीलाही चार हजारांच्या वर कुणी बोलेना. त्यातले साठ हजार तिकिटात, वकिलातीत, परीक्षेत आणि मुंबईच्या खेपांत गेले. फुकट शिक्षणाच्या दारापर्यंत पोचायलाच पंधरा मेंढरं लागली. हातात लाखभर उरले, त्याला अजून पावणेपाच लाखांची भर हवी होती. तेव्हा तो सोसायटीच्या पारावर गेला आणि म्हणाला, "दाखवायला पायजेत. दोन म्हैने. व्हिसा झाला की ज्याचे त्याला."

दुसऱ्या कशासाठी मागितले असते तर दुष्काळात कुणी हात पुढे केला नसता. पण दाखवायला म्हटल्यावर गोष्टच वेगळी. धुळाजीची मेंढरं प्रत्येकाच्या जाळीत कधी ना कधी उभी राहिली होती. त्याचा चुलतभाऊ सटवा, त्यानं विहिरीला पाणी लागावं म्हणून आत आडवी बोरं मारायला साठवलेले ऐंशी हजार दिले. साखराबाई नवऱ्यामागे एकटी कळप राखायची, तिनं पत्र्याच्या डब्यातले चाळीस दिले. चेरमननं दीड लाख दिले. बाकीच्यांनी जमेल तसे. कागद नाही, सही नाही. मेंढरांना कुठे पावती असते?

पैसे त्या बंद खात्यात गेले. श्रावण कोरडा गेला. भादव्यातल्या पितरपाटात जानकीचा व्हिसा झाला.

ती गावात आली तेव्हा सटवा ओढ्याच्या कडेला बाभळीचा पाला झोडत होता. त्यानं तिला हाक मारली. "काय गं पोरी, झालं का दाखवून?"

"काय काका?"

"पैसं. आता देतेत ना माघारी? बोरवाला आलाय चौसाळ्याला, त्याला सांगून ठिवतो."

जानकीनं पिशवी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि घराकडे चालू लागली.

धुळाजी अंगणात लोकर कातरत होता. मेंढी आडवी पाडलेली, चारी पाय एकत्र बांधलेले, मोठ्या कातरीच्या पात्यांचा कर्र कर्र आवाज चाललेला. काळी लोकर गोधडी सोलावी तशी एका तुकड्यात निघत होती. चाळीस वर्षांत त्याच्या हातून मेंढीच्या कातडीला ओरखडा गेला नव्हता.

"आबा, तुमी लोकाला काय सांगितलं?"

"कशाचं?"

"पैशाचं."

"जे हाय तेच. दाखवायचेत म्हणलं."

जानकी त्याच्यासमोर मातीत बसली. "ते माघारी येत न्हाईत आबा. दर म्हैन्याला थोडे थोडे सोडतेत, मला. भाड्याला, खायला. वर्सात संपतेत. मी तवाच सांगायला पायजे होतं नीट."

कातर चालतच राहिली. "मंजी तू खाणार ते."

"व्हय."

"सगळे?"

"तिथं तेवढेच लागतेत. तेवढ्यात भागत बी न्हाई म्हणतेत."

मेंढीनं अंग झाडलं. धुळाजीनं बघितलं तर पात्याखाली बोटभर चीर पडली होती आणि रक्त यायला लागलं होतं. सारजाबाईनं घरातून हळद आणली, जखमेत दाबली. ती सगळं ऐकत उंबऱ्यातच उभी होती.

"गावभर फुकट फुकट करत फिरला," ती नवऱ्याला म्हणाली. "इचारलं का एकदा तरी पोरीला नीट?"

धुळाजीनं कातर खाली ठेवली. जानकीच बोलली, आणि तिचा आवाज आश्रमशाळेच्या दारातल्या आवाजासारखाच कोरडा होता. "मी न्हाई गेले तर पैसे माघारी येतेत. व्हिसा रद्द झाल्याचा कागद दावायचा, खातं मोकळं करतेत. म्हैना-दीड म्हैना लागंल. मी उंद्याच कळवते."

गोष्ट एवढी सोपी होती. पोरीनं जायचं नाही, सटवाचं बोर होईल, साखराबाईचा डबा भरेल, शंभर मेंढरं जाळीत राहतील. पंधरा मेंढरांचं नुकसान तेवढं सोसायचं. धुळाजीला हे सगळं कळत होतं. पण सात वर्षांची पोर दारात उभी होती आणि न रडता बघत होती, तेही त्याला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर पेढेही दिसत होते. ज्या तोंडानं पेढे वाटले त्याच तोंडानं पोरगी जात नाही म्हणून सांगायचं त्याच्या जिवावर आलं. माया किती आणि मान किती, हे त्याचं त्यालाही निवडता आलं नसतं.

त्यानं मेंढीचे पाय सोडले. ती उठली, अर्धी कातरलेली, अर्धी लोकर लोंबतेय अशी कळपात पळाली.

"जा तू," तो म्हणाला. "लोकाचं मी बघतो."

"कसं बघणार?"

"मेंढरं हायत की."

सारजाबाई मटकन खाली बसली. जानकी म्हणाली, "मी तिथं काम करीन आबा. पाठवीन." आणि मग ती रडली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. धुळाजीला ते बघवेना म्हणून तो अर्धी मेंढी शोधायला गेला.

जानकी गेली त्याच्या चौथ्या दिवशी धुळाजी पारावर गेला आणि त्यानं सगळ्यांना खरं सांगितलं. चपला काढून खालीच बसला होता. वर जागा होती, पण कुणी वर ये म्हणालं नाही. मग सटवा म्हणाला, "आसं कुटं आसतं का बे? दाखवायला नेलेली मेंढरं कुणी कापून खाल्ली का आजवर?"

"न्हाई."

"मंग?"

"मला समजलं न्हाई. चुकलं माजं."

चेरमन रामकिसन विडी ओढत होता. त्याला शिव्या द्यायची सवय होती, पण तोही हलक्या आवाजात बोलला. "चुकलं म्हणून टँकर येणार न्हाई, धुळाजी. लोकायला चारा घ्यायचा हाय. तुज्याकडं काय हाय ते सांग."

मेंढरं होती. ती द्यायची ठरली, चार हजाराला एक या भावानं. सटवानं सगळ्यात आधी निवडली. भरल्या अंगाच्या, दात जुळलेल्या एकेक बाजूला काढताना त्यानं धुळाजीकडे पाहिलं नाही. कोकरू आईबरोबर जायचं की नाही यावरून दोघांचं वाजलं. शेवटी कोकरं बरोबर गेली, कारण ती रात्रभर ओरडून गाव जागं ठेवतील असं चेरमन म्हणाला. साखराबाईनं दहा नेली. नेताना ती डोळ्याला पदर लावत होती, पण दहा म्हणजे दहा मोजून नेली. शेवटी आठच मेंढरं राहिली, तिघांचं देणं तर पुरं फिटलंही नव्हतं. त्या आठातली तीन देवाच्या नावची, कान कापलेली, ती विकायची नसतात; उरलेली पाच लंगडी-आजारी, ती कुणी घेईना. बोडकी नावाची एक म्हातारी मेंढी धुळाजीनं हातानं बाटलीचं दूध पाजून वाढवली होती. तीसुद्धा सटवाच्या वाट्याला गेली होती. ती दोनदा परत आली. दोन्ही वेळा सटवा येऊन घेऊन गेला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. जानकीचा फोन रविवारी यायचा. खोलीचं भाडं किती, विमा किती, बस किती, ते ती विचारल्यावर सांगायची आणि सारजाबाई मनात चार हजारानं भाग घालायची. दर महिन्याला बारा मेंढरं सुटतात. त्यातली सहा खोलीच खाते, दोन विमा. ती विचारायची, "जेवलीस काय?"

"ब्रेड."

"बारा मेंढरात ब्रेडच का?"

जानकी हसायची आणि विषय बदलायची. ती आठवड्यातून तीन दिवस एका हॉटेलात भांडी घासायची. त्याहून जास्त काम करायला तिथल्या सरकारची मनाई होती. सहा महिन्यांत तिनं दोनदा दहा-दहा हजार पाठवले. त्यातून एकाचं देणं फिटलं. एका पेपरात ती नापास झाली, ते तिनं सांगितलं नाही, पण सारजाबाईला आवाजावरून काहीतरी कळलं होतं.

दुसरा उन्हाळा पहिल्याहून वाईट निघाला. धरणात गाळसुद्धा वाळला. धुळाजी नि सारजाबाई दुसऱ्यांची मेंढरं राखायला लागले, सटवाची आणि साखराबाईची, म्हणजे बरीचशी आपलीच. महिन्याला ठरावीक पायली ज्वारी आणि चहापत्ती मिळे. जनावरांच्या छावण्या सुरू झाल्या होत्या, मेंढरांना मात्र कुणी विचारत नव्हतं. चेरमननं तालुक्याला खेटे घालून घालून चाऱ्याचं अनुदान मंजूर करून आणलं आणि वैशाखात मोजणी लागली.

आदल्या दिवशी तो धुळाजीकडे आला. दारातच उभा राहिला.

"यादीत तुजं नाव हाय. एकशे चाळीस मेंढरं."

"माज्याकडं आठ हायत चेरमन."

"म्हाईत हाय बे मला. पण यादी जुनी हाय. तुज्या जाळीत आठ निघाली तर साहेब सगळ्याच जाळ्या उचकटंल. गावाचा चारा जाईल. उंद्या सकाळी आणून घालतो शंभरेक. तुज्या नावावर पैसे आले की ज्याची मेंढरं त्याला द्यायचे. तुला खूण तेवढी करावी लागंल."

धुळाजीनं मान हलवली.

सकाळी मेंढरं आली. सटवाची आली, साखराबाईची आली, ओढ्यापलीकडची आली. जाळीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली नाहीत, कुणी हाकलायचीही गरज पडली नाही. आपापल्या जुन्या जागेला जाऊन उभी राहिली, म्हाताऱ्या मेंढ्या निंबाच्या सावलीला, तरण्या दगडापाशी. बोडकी थेट धुळाजीच्या पायाशी आली आणि त्याच्या धोतराला तोंड घासू लागली. बरगड्या वर आल्या होत्या तिच्या.

"बघ कशी वळखती," सटवा म्हणाला.

सारजाबाईनं गेरू कालवला. धुळाजी एकेका मेंढीची पाठ ओल्या फडक्यानं पुसायचा, सटवाची खूण घालवायचा आणि तिच्यावर दोन बोटांनी दोन आडवे पट्टे ओढायचा. कुठल्या मेंढीची पाठ कुठं खोलगट, कुणाला हात लावला की लाथ बसते, सगळं हाताला ठाऊक होतं. शंभर पाठी रंगवेपर्यंत त्याचा हात कोपरापर्यंत लाल झाला. एका मेंढीच्या कुशीवर बोटभर वण होता, तिथे लोकर उगवली नव्हती. त्यानं तिच्यावर जरा जास्तच वेळ फडकं फिरवलं.

साहेब अकराला आला, डोक्यावर रुमाल, हातात यादी. जाळीच्या तोंडातून चार-चार मेंढरं सोडून मोजायला लागला. चाळीसच्या पुढे गेला असेल तेवढ्यात धुळाजीच्या बंडीत फोन वाजला. तो बाजूला झाला.

"आबा," जानकी म्हणाली. "कामात हाव का?"

"मोजणी चालू हाय. बोल."

"आबा, हितलं वर्स चार म्हैन्यांत संपतंय. राह्यची परवानगी वाढवायची हाय. तर ते म्हणतेत, पुढच्या वर्साचे पैसे खात्यात दावा."

"परत?"

"परत. तेवढेच. जरा वाढलेत."

जाळीजवळ साहेब सत्तर म्हणाला. चेरमननं मागून बहात्तर म्हटलं.

"आन् न्हाई दावले तर?"

"तर माघारी यावं लागंल. डिग्रीबिगर. एक पेपर माजा राहिलाय, आबा. मी सांगितलं नव्हतं." मग घाईघाईनं म्हणाली, "कुणाकडं तरी बघा ना. न्हाईतर राहू द्या. बघा जमलं तर."

"बघतो," धुळाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार? जाळीत मेंढरं गच्च उभी होती, पाठीवर त्याची खूण. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय भरलेलं घर आहे.

साहेबानं एकशे बारा आकडा टाकला आणि अंगठ्यासाठी कागद पुढे केला. शाई लावायची गरज पडली नाही, अंगठा लालच होता.

ऊन कलल्यावर ज्यानं त्यानं आपापली मेंढरं हाकलली. सारजाबाई विचारत होती, पोरगी काय म्हणाली. "बरी हाय म्हणली," एवढंच तो बोलला. जाळी रिकामी झाली. निंबाखाली बोडकी बसलेली होती, उठायला तयार नव्हती. सटवा ओढ्यापर्यंत गेलेला परत आला.

"हिची खोडच हाय बे ही," तो म्हणाला.

धुळाजीनं तिला पोटाखाली हात घालून उचललं आणि जाळीवरून त्याच्या हातात दिलं. चिपाडासारखी हलकी झाली होती. सटवा जायला वळला तेव्हा धुळाजी म्हणाला, "सटवा, परत पैसे दावायचेत म्हणं. पुढच्या वर्साचे."

सटवानं मेंढी खांद्यावर नीट घेतली. त्याच्या सदऱ्याला ओला गेरू लागला. तो रागावला नाही, थांबलाही नाही. ओढा ओलांडून जाईपर्यंत बोडकी मान वळवून धुळाजीकडे बघत ओरडत होती. मग तो आवाजही थांबला. सारजाबाईनं जाळी गुंडाळायला घेतली तसं एक टोक धरून धुळाजीही तिच्यासोबत गुंडाळू लागला.